फिरूत्साने मांस का सोडलं

फिरूत्साने मांस सोडलं त्याला आता आठ वर्षं झाली, आणि गावात ज्याला विचाराल तो वेगळंच कारण सांगेल. पाद्री म्हणतात, बाई देवाधर्माची आहे, वर्षभर उपास धरते. दवाखान्यातली नर्स म्हणते, पित्ताशयात खडे आहेत, तेलकट सोसत नाही. समोरच्या घरातली म्हातारी शपथेवर सांगते की फिरूत्साची सून इटलीत परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते, ती धडधाकट परत यावी म्हणून फिरूत्सा नवस बोललीय. आणि क्लुज शहरात शिकणारी नात इलिंका मैत्रिणींना कौतुकाने सांगते, माझ्या आजीला मुक्या जनावरांची दया येते.

यातलं एकेक कारण फिरूत्सानेच ज्याला त्याला पुरवलेलं आहे. ज्याला जे पटेल ते. खरं कारण तिने कुणालाही सांगितलं नाही. ज्याच्यापासून ते लपवायचं होतं तो तिचा मुलगा इलारी रोज तिच्यासमोर बसून जेवतो.

खरं कारण सांगायचं तर इग्नातपासून सुरुवात करावी लागते. इग्नात म्हणजे नाताळच्या तोंडावर घरोघरी डुक्कर कापायचा दिवस. तेव्हा नाताळचा, मांस वर्ज्य असलेला उपासही चालू असतो, पण इग्नातच्या दिवशी तो कोण पाळतो? त्या दिवशी एक गोष्ट मात्र सगळे पाळतात. ज्याचं काळीज हळवं आहे त्याने सुरीच्या आसपास फिरकायचं नाही. बघणाऱ्याला दया आली की जनावराचा जीव त्या दयेत अडकतो आणि ते तडफडत राहतं. लापुश नदीच्या दोन्ही काठांवर हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

फिरूत्सा लग्न होऊन या घरात आली ती वसंतात. सासूने तिच्या हातात पहिलं काम दिलं ते डुकराचं. उकडलेले बटाटे, खुडून आणलेला खाजरा पाला, ताकाचं पाणी. डिसेंबरपर्यंत ते डुक्कर तिच्या पावलांचा आवाज ओळखायला लागलं होतं. इग्नातच्या सकाळी ती खुराड्यापाशी उभी राहून हमसून हमसून रडली. डुक्कर काही केल्या मरेना. सासू तिच्या अंगावर धावून आली. रडायचं असेल तर रस्त्यावर जाऊन रड, म्हणाली.

तिचा नवरा गाव्रिल हा गावातला डुकरं कापणारा. इग्नातच्या आठवड्यात त्याला पाद्रींपेक्षा जास्त मान. नवी बायको असली कोवळी निघाली म्हणून लोक त्याला हसले, पण तो चिडला नाही. हात धुऊन आला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून तू सवेताकडे जाऊन बस. तुझ्या डोळ्यांनी माझी सुरी बोथट होते."

सवेता म्हणजे गाव्रिलची बहीण, चार घरं सोडून राहणारी. त्यानंतर चाळीसेक वर्षं फिरूत्सा दर इग्नातला तिच्या स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसायची आणि घेवडा निवडायची. आपल्या अंगणात डुकराचे केस जाळायला पेटवलेल्या पेंढ्याचा धूर दिसला, की उठून घरी यायची. मग आतडी धुवायला, सॉसेज भरायला तीच पुढे. पातेल्यातला पहिला तळलेला तुकडा गाव्रिल तिलाच द्यायचा आणि ती तो चवीने खायची. मेलेल्या डुकराचं तिला काही वाटत नसे. मरणाऱ्याचं वाटे, एवढंच.

गाव्रिलचं यकृत गेलं तेव्हा शहरातल्या इस्पितळाने त्याला घरी पाठवून दिलं. घरी पाठवलं याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. पण त्याचा जीव जाईना. डोळे मिटलेले, घशात घरघर, आणि मधूनच असा कण्हायचा की बाहेर कुत्रंही उठून उभं राहायचं. फिरूत्सा उशाशी बसलेली होती. त्याचा हात तिने सोडला नव्हता आणि तिचं रडं थांबत नव्हतं. मरणाऱ्याच्या हातात धरायची मेणबत्ती घेऊन बायका येऊन बसल्या. त्या फिरूत्साकडे बघत आणि आपसांत कुजबुजत. शेवटी सवेताच बोलली. वहिनी, तू धरून ठेवलायस माझ्या भावाला, सोड त्याला. फिरूत्साने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग इलारी आत आला. बापाचं कण्हणं त्याला सोसवत नव्हतं. अंगणात जाऊन उगाच लाकडं फोडायचा आणि परत यायचा. त्याने आईच्या कोपराला धरून तिला उठवलं.

"आई, बाहेर जा. तू इथे असेपर्यंत बाबा सुटणार नाहीत."

ती गेली. नवऱ्यासाठी करता येण्यासारखं आता एवढंच उरलंय, असं तिला वाटलं. विहिरीच्या कठड्याला टेकून ती उभी राहिली आणि रडू नये म्हणून तिने डोक्याच्या रुमालाचा बोळा तोंडात धरला. थोड्याच वेळात सवेता बाहेर आली. "सुटला," म्हणाली. "एकदा मान वळवून दाराकडे बघितलं आणि गेला." बिचारीने सांत्वनासाठी सांगितलं. आत्म्याने दार बघितलं, वाट सापडली, असा तिचा अर्थ.

गावात सगळे तेच बोलले. बघा, बायको बाहेर गेली आणि माणूस मोकळा झाला. इलारीला त्या बोलण्याचा मोठा आधार वाटायचा. बापासाठी आपण निदान एवढं तरी केलं. फिरूत्सालाही ते खरंच वाटत होतं. दु:ख होतं, पण त्याला काही अर्थ होता. तेराव्याला, म्हणजे आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी, तिने गावजेवण घातलं आणि सगळ्यांबरोबर कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा खाल्ला.

त्याच वर्षीच्या इग्नातला इलारीने पहिल्यांदा बापाची सुरी हातात घेतली. फिरूत्सा नेहमीप्रमाणे सवेताकडे निघाली. रस्त्यावर बर्फ कडक होऊन आरशासारखा गुळगुळीत झालेला, दोनदा पाय सटकला, म्हणून ती मागे फिरली आणि परसातल्या वाटेने जायला लागली. मक्याच्या कोठाराजवळ पोचते तोच माणसांनी डुक्कर बाहेर काढलं. आता पुढे जावं तर सगळ्यांना दिसणार. ती कोठाराच्या फळ्यांमागे तशीच थांबली, आणि फटीतून बघायचं नाही म्हणता म्हणता तिने बघितलं.

त्या वर्षभरात साठलेलं सगळं त्या डुकरापाशी येऊन फुटलं. तिला त्याची इतकी दया आली, की दयेने जीव अडकत असता तर ते जनावर नाताळपर्यंत मेलं नसतं. इलारीने सुरी चुकतमाकत लावली. आणि डुक्कर मेलं. ओरडलंही फारसं नाही. गाव्रिलच्या हातूनसुद्धा इतकं सहज कधी मेलं नव्हतं.

"बापाचा हात आहे रे तुला," कुणीतरी म्हणालं.

"हात कसला," इलारी घाम पुसत म्हणाला. "आई इथे नव्हती म्हणून."

फळ्यांमागे फिरूत्साने ते ऐकलं. ती तर इथेच होती. मग गाव्रिलही गेलाच असता. ती जवळ असती, हात धरून बसली असती, तरी त्याच घटकेला गेला असता. आणि मान वळवून त्याने दाराकडे बघितलं ते कुठलीही वाट शोधायला नाही. तो तिला शोधत होता. आणि ती दहा पावलांवर विहिरीपाशी तोंडात बोळा घेऊन उभी होती.

ती परसातूनच सवेताकडे गेली, धूर दिसल्यावर घरी आली, आतडी धुतली. संध्याकाळी पहिला तुकडा इलारीने तिच्यापुढे ठेवला. तो तिच्याने गिळवेना. त्या मांसाने तिला जे सांगितलं होतं ते तोंडात घालून चावायचं कसं? दात दुखतोय, असं ती म्हणाली.

पोराला खरं सांगावं असं तिच्या मनात अनेकदा आलं. पण काय सांगायचं? बाबा शेवटी मला शोधत होते आणि तू मला उगाच बाहेर काढलंस? हे ऐकून तो पुढे जगणार कसा? दाताचं ऐकून इलारीने खिमा मऊ शिजवून दिला, तर ती पित्तावर गेली. पित्ताला औषध आणलं, तर उपासावर. दर इग्नातला सकाळी ती मोठ्याने सांगून घराबाहेर पडायची, "निघते रे मी, नाहीतर जीव अडकायचा त्याचा," आणि इलारी समाधानाने मान हलवायचा.

यंदाच्या इग्नातला इलिंका आली. पोरीने दोन वर्षांपूर्वी मांस सोडलं, मग दूध, अंडी, चीजसुद्धा. जनावरांचे हाल, पृथ्वीचं तापणं, माणसाचं हृदय, अशी कारणं तिच्याकडे भरपूर आणि सगळी तोंडपाठ. पुस्तकं खातेस का मग, म्हणून इलारी तिला डिवचायचा. पण आजी होती तिच्या बाजूला. दोघी टेबलाच्या एका टोकाला बसून घेवड्याची भाजी आणि मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, खात होत्या. या सगळ्या घरात आजी एकटीच मला समजते, असं पोरगी म्हणायची, आणि फिरूत्साला ते ऐकून फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांत शेजारी बसून कुणी तिच्यासारखं जेवलं नव्हतं.

जेवायला सवेताही आली होती. पालिंका दारूचे दोन पेले पोटात गेल्यावर इलारी नेहमीचं सांगायला लागला. आई सवेताआत्याकडे गेली नाही तर आमचं डुक्कर मरतच नाही. बाबांच्या वेळीही तेच, आई बाहेर गेली आणि ते सुटले.

इलिंकाने चमचा खाली ठेवला. "बाबा, हे थोतांड आहे. दयेने जीव अडकत असता तर कुणाचंच माणूस मेलं नसतं. आजोबा तसेही जाणारच होते. तुम्ही आजीला उगाच बाहेर काढलंत. ती त्यांच्याजवळ हवी होती."

पोरगी खरं बोलत होती. अक्षर न् अक्षर खरं. आठ वर्षं फिरूत्सा हेच वाक्य मनात घोळवत होती, आणि आता ते टेबलावर सगळ्यांसमोर पडलं होतं. सवेता ताटात बघत राहिली. इलारीचा चेहरा हळूहळू उतरला. त्याने आईकडे बघितलं.

"आई, बाबा गेले त्याच वर्षी तू मांस सोडलंस," तो म्हणाला. "माझ्यावरचा राग आहे का तो?"

"राग कसला, वेड्या?" फिरूत्सा म्हणाली. "तू मला बाहेर काढलंस म्हणून ते सुटले. मी जवळ असते तर आणखी आठवडाभर तळमळले असते. हिला शहरात राहून काय कळतंय?"

"आजी," इलिंका म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, तुला..."

इलारीची नजर अजून आईवरून हलली नव्हती. फिरूत्साने हात पुढे केला, पातेल्यातला मांसाचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. सावकाश चावून गिळला.

इलिंका तिच्याकडे बघत राहिली. मग आपलं ताट उचलून आतल्या खोलीत निघून गेली. फिरूत्साने मान वळवली नाही.

"दात बरे झाले म्हणायचे वहिनीचे," सवेता म्हणाली. इलारी हसला. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला तो तिला दिसला.

"वाढ आणखी," ती म्हणाली. त्याने पातेल्यातला चांगला चरबीचा तुकडा शोधून तिच्या ताटात ठेवला, आणि तिने तोही खाल्ला.