दादा उजवीकडे सरकला

चहा आधी संपवून घ्या. नाहीतर ऐकता ऐकता हसाल, चहा नाकात जाईल आणि बोल मला लावाल. माणूस किती येडा असू शकतो, ते आज सांगतो. आणि हा येडा जिंतूरच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवतो बरं का!

माझा थोरला भाऊ, दादा, गाणारा होता. भीमजयंतीला त्याची गायन पार्टी गावोगाव जायची. तो गेला त्याला कैक वर्षं झाली. यंदा त्याच्या ढोलकीवाल्याच्या घरी एक कॅसेट सापडली. दोन माइक लावून भरलेली, दादाच्या आवाजातली!

मी माळ्यावरचा टेप काढला, जुना अ‍ॅम्प्लिफायर काढला, बैठकीत दोन बाजूंना दोन स्पीकर मांडले. आता स्टिरिओची गंमत काय असते? दोन्ही स्पीकर सारखे वाजले की गाणाऱ्याचा आवाज मधल्या मोकळ्या जागेतून येतो. आणि आमच्या घरी तिथेच भिंतीवर दादाचा फोटो! रोज संध्याकाळी मी समोर खुर्ची टाकून डोळे मिटायचो आणि दादा फोटोखाली उभा राहून गायचा. मला तेवढंच पुरायचं.

एका रविवारी डोळे मिटले, तर दादा उजवीकडे! पार दाराजवळ. चपला घालून निघाल्यासारखा.

 आणि त्याच आठवड्यात प्रज्ञा येणार होती. दादाची लेक. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. तिला बापाचा आवाज आठवणंच शक्य नव्हतं. तिला काय दाराकडे निघालेला बाप दाखवू?

"शोभा, डावा चॅनल बसला गं!" मी ओरडलो.

बायको डावीकडून काहीतरी पुटपुटली. हल्ली ती फारच हळू बोलायची. वय झालं, म्हटलं.

मग लागलो तपासाला. पद्धतशीर! स्पीकर अदलाबदल केले. दादा उजवीकडेच. म्हणजे स्पीकर निर्दोष. टेपच्या वायरी उलट्या लावल्या. दादा उजवीकडेच. म्हणजे टेप निर्दोष. राहिला कोण? अ‍ॅम्प्लिफायर! झाकण उघडलं, धूळ झटकली, आवाजाच्या बटणात स्प्रे मारून ते शंभरदा इकडून तिकडे फिरवलं. दादा हलायला तयार नाही.

शेवटी डबा बगलेत मारून बाजारात रफिकभाईंकडे. त्यांनी मीटर लावलं, गाणं लावलं, मान डोलावली.

"सर, दोन्ही बाजू बराबर हायेत."

"बराबर कशा? डावी मेलीय!"

"मग फेका हे. ब्लूटूथवाला डबा घ्या, लय जोरात वाजतो."

मी तरातरा घरी आलो. ह्यांना काय कळतंय स्टिरिओमधलं!

तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. बॅलन्सचं बटण! ते पार डावीकडे पिळलं, आणि काय सांगू, दादा हळूहळू चालत फोटोखाली आला. फुकटात दुरुस्ती! स्वतःचीच पाठ थोपटली.

आणखी एक गोष्ट, हसू नका. त्या दिवसांत मला सारखा हिना अत्तराचा वास यायचा. दादा लग्नाकार्याला हिनाच लावायचा. एकदा तर मी शोभाला म्हणालो, "दादा घरात आहे गं." तिनं पदर डोळ्यांना लावला, पुन्हा काही पुटपुटली.

प्रज्ञा आली. जय भीम झाला, चहा झाला, दादाच्या हिना अत्तराची गोष्टही सांगून झाली. तिला माझ्या खुर्चीत बसवलं, मी शेजारी उभा राहिलो आणि गाणं लावलं. पोरीनं डोळे मिटले. 

"काका, बाबा त्या डाव्या कोपऱ्यात काऊन उभे हायेत? ज्वारीच्या कोठीपाशी?"

"कोपऱ्यात कुठं? मध्येच आहे!"

"न्हाई ओ, कोपऱ्यात!"

शोभा माझ्या डावीकडून तोंड हलवायला लागली.

"काय म्हणतेस?"

"बघ गं प्रज्ञा, आठ दिस झाले, हेच चालू हाय!" ती समोर येऊन ओरडली. "मी वरडायलेय, ह्यांना ऐकूच येईना!"

प्रज्ञा उठली. माझ्या डाव्या कानाशी वाकली आणि थबकली.

"काका, तुमच्या कानातून अत्तराचा वास यायलाय."

केसातली पिन काढून तिनं अलगद काहीतरी ओढलं. कापसाचा तपकिरी बोळा!

आणि मला त्या रविवारच्या आदल्या दिवशीचं वालूर गावातलं लग्न आठवलं. मांडवाच्या दारात अत्तर लावत होते. दादाची आठवण म्हणून मी हिनाचा फाया मागून घेतला, कानाच्या पाळीत खोचला. येताना एसटीच्या खिडकीला काच नव्हती, कडाक्याची थंडी. मग काय, विज्ञानाच्या मास्तरनं फाया कानात आत दाबला! वर मफलर गुंडाळला. वाराही बंद, अत्तरही वाया नाही. आणि विसरून गेलो!

बोळा निघाला आणि सगळं घर एकदम वाजायला लागलं. कुकर, कोंबड्या, शोभा. बापरे, शोभा किती मोठ्यांदा बोलते! आणि दादा खरंच कोठीपाशी. मीच बटण पिळून त्याला तिथं कोंडलं होतं.

बटण मधोमध आणलं. दादा फोटोखाली आला. "बाबा," प्रज्ञा म्हणाली, आणि खुर्चीत मागे टेकली.  मला दादाची इतकी आठवण आली की मी खालीच बसलो.

तिच्या हातात तो बोळा तसाच होता.

"फेक गं ती घाण!" शोभा म्हणाली.

"राहू द्या काकू. बाबांचा वास हाय." तिनं तो रुमालात बांधला. माझ्या कानातला मळ आता पोरगी आठवण म्हणून जपते, बोला!

ती परत गेली त्या संध्याकाळी मी खुर्ची टाकली. शोभा आली, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, उजेडाकडे वळवलं आणि आधी एका कानात डोकावली, मग दुसऱ्या.

"बसा आता," म्हणाली. "भाऊजी आलेत."