वळणावर सरकणारी सुई

एकटीनं विमान लांब न्यायची ती माझी पहिलीच वेळ. यवतमाळहून नागपूरकडे निघाले तेव्हा शेजारची, प्रशिक्षकांची खुर्ची रिकामी होती. वाटेत धुरकट हवेत खालचे रस्ते दिसेनासे झाले. नागपूरच्या रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारी सुई बघत मी उजवीकडे वळू लागले. सुई आणखीच उजवीकडे सरकली. मी आणखी वळले, तरी ती समोर येईना.

"सर, ही सुई..." मी बोलून गेले. उत्तर देणारं कोणी नव्हतं.

मग त्यांनीच वर्गात सांगितलेलं आठवलं: वळताना विमान कललेलं असतं, तेव्हा सुई खालच्या पंखाकडे झुकते. मी पंख सरळ केले. सुई हळूहळू मागे येऊन स्थिरावली. मी जरुरीपेक्षा जास्त वळले होते, तेवढी परत फिरले.

उतरल्यावर वणीला बाबांना फोन लावला. ते गॅरेजमध्ये ट्रक दुरुस्त करून राह्यले होते.

"बाबा, आज मी एकटीच गेलती."

"भेव वाटलं का तुले?"

"नाही."

"मंग झालं," ते म्हणाले आणि कामाला लागले.

सुईचं सांगायचं राहूनच गेलं. विमानाच्या सावलीत बसून मी डबा उघडला.