टिपका बारा यार्डावरच हुता

सूनबाईनं वही पुढ्यात आपटली. "मामा, रोज मलाच ऐकवता, त्यापरीस एकदा लिवून काढा की!" माझी शाळा चौथीपर्यंत. पण दोन वेळचं वाढणारीच सांगते म्हटल्यावर करायचं काय! स्टेडियमवर जन्म गेला की किस्से साचतात, गॅलरीखाली चपला साचतात तसे. मॅच जिंकली की आमची माणसं एका पायात चप्पल घालून नाचत घरी जातात!

मी फक्की मारायचो. म्हणजे मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मागल्या फायनलला आमच्याच पेठेच्या कॅप्टननं पेनल्टी गोलच्या बारवरनं गॅलरीत घातली आणि भरल्या स्टेडियमात ओरडला, "म्हाताऱ्यानं पेनल्टीचा टिपका मागं घातलाय!" तिथल्या तिथं टेप लावला. बारा यार्ड. बोटभर कमी न्हाय, बोटभर जास्त न्हाय. तरी कमिटी म्हणाली, "आता वय झालं तुमचं." फक्की काढून घेतली. आता मी गॅलरीत बसतो आणि दुसऱ्यानं मारलेल्या रेघा बघतो. वाकड्या हायत. कोण बोलत न्हाय.

*

आमचं स्टेडियम सगळ्या कामाचं. पोलीस भरती, प्रदर्शन, पुढाऱ्याची सभा. खाली गाळ्यांत टायरपासून झेरॉक्सपर्यंत दुकानं. उरलेल्या दिवशी फुटबॉल.

एकदा एका साहेबांची सभा झाली, मांडव गेला, खांबांचे खड्डे तसेच राहिले. बुजवून बुजवून मी दमलो, पण गोलपुढचा एक चुकला. दुसऱ्या दिवशी मॅचमध्ये बॉल गोलकडं निघाला, गोलकीपर पार दुसरीकडं पडलेला. गॅलरी "गोऽऽल" म्हणून उठली आणि बॉल खड्ड्यात बसला!

गोलकीपर उठला, कपडे झटकले आणि हात जोडून म्हणाला, "साहेबांनी अडवला!"

*

शेतीच्या प्रदर्शनानंतर कॉर्नरच्या झेंड्याजवळ मेथी उगवली. कुणाचं तरी बियाणं सांडलेलं. मी मुद्दाम काढली न्हाय. हिरवीगार, लुसलुशीत. पाणी मीच मारायचो न्हवं!

उचगावच्या टीमचा एक पावणा कॉर्नर मारायला आला. बॉल ठेवला आणि खाली बसला. रेफ्रीनं शिट्टी मारली, पुन्हा मारली. गडी उठंना. रेफ्री पळत आला तर ह्याच्या हातात जुडी!

"थांबा की सर," म्हणतो, "मॅच हरलो तर मोकळ्या हातानं घरी कसं जाऊ?"

*

कपडे बदलायला दोन खोल्या. डावीतली टीम जिंकते, असं गावानं ठरवून टाकलेलं. एका लीगच्या मॅचला दोन्ही टीम डावीत घुसल्या. कोण बाहेर निघंना. एकाच्या बुटात दुसऱ्याचा पाय, मोजं कुणाचं कुणाला. उजवी खोली मोकळी. मी दारात उभा राहून घसा फोडला, "अरं, मैदान तरी दोघांचं हाय का न्हाय?"

शेवटी रेफ्री उजवीत जाऊन आरामात कपडे बदलून आला. मॅच बरोबरीत सुटली, दोन्ही टीमनी रेफ्रीला शिव्या घातल्या. तो मला म्हणाला, "काका, उजवी खोलीच वाईट हाय बघा!"

*

परवा तोच कॅप्टन घरी आला. दारातनंच म्हणाला, "काका, आपल्या तालमीच्या टीमच्या प्रॅक्टिसच्या मैदानावर फक्की मारायची हाय. येता?" बायको आतनं म्हणाली, "जाऊ नका." मी चप्पल घातली.

वर्षानं हातात चुना आला. दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, रेघा सरळ पडल्या. गुडघं दुखायचं थांबलं, खरं सांगतो. शेवटी टिपका टाकला. कॅप्टन बघतच हुता. मी म्हणालो, "टेप लाव." त्यानं स्वतःच्या हातानं टेप लावला. बारा यार्ड.

बॉल आणून टिपक्यावर ठेवला, मागं गेला, पळत आला आणि मारला. बारवरनं सरळ रस्त्यावर!

म्हटलं, कॅप्टन आता माफीचं बोलंल. आता तरी बोलंल.

कॅप्टन कमरेवर हात ठेवून गोलकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वळला.

"काका," म्हणाला, "बारच बुटका हाय."

त्या दिवशी सांजपर्यंत मी हातावरचा चुना धुतला न्हाय. माफी अजून मागायची हाय. कॅप्टननं, म्हणजे आमच्या गल्लीतल्या पिंट्यानं!