जर्दाळूला दिलेले पाणी

वासुदेवरावांनी लडाखचा विषय काढला की धुरपताबाई बैठकीतून उठत. "झालं सुरू तुमचं बरफपुराण!" असे जाता जाता म्हणत आणि सिंदी मेघेच्या त्या लहानशा घरात स्वयंपाकघराकडे वळत. रोहण्याच्या भाजीवाडीत वाढलेला आपल्यासारखा माणूस लेहच्या सरकारी रोपकेंद्रात माळी म्हणून लागतो आणि मुख्य माळी होऊन निवृत्त होतो, याचे वासुदेवरावांना स्वतःलाच अप्रूप होते. त्या पुराणात एक कथा ठरलेली असे. जर्दाळूची चारशे कलमे हिवाळ्याच्या तोंडाशी एका आठवड्यात काळी पडली, आणि ती नुर्बू नावाच्या जुन्या माळ्याच्या आळसाने मेली, ही ती कथा.

गेल्या डिसेंबरात त्यांनी ती भाचीला सांगितली. सरिता वर्ध्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते; बोरगाव मेघेहून ती मामा-मामींना भेटायला आली होती.

"त्यानं भादवा सरताच पाणी तोडलं, सरिता. झाडं कोमेजून राह्यली अन् हा आपला बांधावर बसून चहा पिऊन राह्यला! मंग तो घरी गेला का मीच रोज संध्याकाळी पाणी देत होतो. आपल्याकडं थंडी पडली का वांग्याले संध्याकाळी पाणी देतोच ना? ओली माती ऊब धरते. तीन हप्ते दिलं. अशी कोवळी पालवी फुटली, का पाह्यतच राहावं!"

"पालवी फुटली?" सरिताने विचारले. "हिवाळ्याच्या तोंडावर?"

"फुटली म्हंजे! हिरवीगार."

सरिताने वर्गात समजावते तसेच, पण आवाज खाली ठेवून सांगितले. आपल्याकडची थंडी पाणी गोठवत नाही, तिथली गोठवते. म्हणून तिथले झाड आधीपासून तयारी करते. दिवस लहान झाले, हवा गार होत गेली की ते वाढ थांबवते, पाने गाळते, पेशींतले पाणी कमी करते आणि उरलेल्या रसात साखर साठवते. मग बर्फ झालाच तर पेशींच्या बाहेर होतो, आत नाही. या तयारीला काही आठवडे लागतात. त्या दिवसांत पाणी मिळत राहिले तर झाड वाढतच राहते, आणि कोवळे असतानाच गारठ्यात सापडते.

"आर्वीकडं पाणी तोडून संत्र्याले ताण देतात ना, मामाजी? तसाच तो नुर्बू ताण देत होता."

वासुदेवराव ताठ बसले होते. रोहण्यात त्यांच्या वाडीला लागूनच संत्र्याची बाग होती. ताण दिलेली, पाने मुरडलेली झाडे त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. त्या बागवानाला कोणी आळशी म्हटले नव्हते.

"तुम्ही काही मुद्दाम नाही केलं," सरिता म्हणाली.

"तो रोजंदारीवर होता, बाई. दहा वर्षांपासून. चौकशी झाली तवा मी साहेबाले सांगतलं, झाडं पाण्यावाचून मेली. साहेब आपल्याच मुलखातला, त्याले पटलं. नुर्बूले काढलं."

"अन् त्याच्या जागेवर?"

"मी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

नुर्बूचा नंबर मिळायला चार दिवस गेले. केंद्रातल्या एका जुन्या सोबत्याने तो दिला आणि सांगितले की, नुर्बू तेव्हाच रस्त्याच्या कामावर गेला. पुढे झाडांना त्याने हात लावला नाही. फोन लावायला वासुदेवरावांनी आणखी दोन दिवस घेतले. शेवटी धुरपताबाईंनीच मोबाइल त्यांच्या हातात दिला. "लावा आता. काऊन जीव खाऊन राह्यले सोताचा?"

नुर्बूने आवाज ओळखला नाही. नाव मात्र ओळखले. वासुदेवरावांनी हिंदीत सगळे सांगितले: रोजची संध्याकाळ, चोरून सोडलेली नळी, पालवी. चूक माझी होती, मी केंद्राला तसे लिहून देतो, असेही ते म्हणाले.

"किसको लिखोगे?" नुर्बू म्हणाला. मग राग नसलेल्या आवाजात त्याने सांगितले की, झाडे काळी पडली त्याच दिवशी हे त्याला कळले होते. त्याने मातीत हात घालून पाहिला होता. साहेबांना सांगितलेही होते. साहेबांनी वासुदेवला बोलावून विचारले, तेव्हा वासुदेव हसला होता; पाण्याने कधी झाड मरते का, असे म्हणाला होता. साहेबही हसले होते.

फोन ठेवल्यावर वासुदेवराव ते हसणे आठवू लागले. काळी पडलेली पालवी आठवली, साहेबांची खोली आठवली, नुर्बूच्या नखांतली ओली मातीसुद्धा आठवली. हसणे काही केल्या आठवेना. पण आपण हसलो असू, याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली नाही.

"काय म्हणे तो?" धुरपताबाईंनी विचारले.

"त्यानं तवाच सांगतलं होतं," वासुदेवराव म्हणाले. "कोनी आयकलं नाई."