आईचा सरवा आणि एकदाच आलेला शब्द

आमच्या आईची बढाई एकच. "सरवा येचावा तर म्या. माज्या मागनं कुणी आलं तर त्याला नुस्ती धसकटं घावायची!"

ज्वारीची काढणी झाली की रानात चुकून राहिलेली कणसं वेचायची, तो सरवा. ज्याला शेत नाही त्यानं वेचायचा, मालकानं हटकायचं नाही, असा आमच्याकडचा जुना रिवाज. साठेक वर्षांपूर्वी मी तान्ही होते, म्हणून आईला कुणी मजुरीला लावत नव्हतं. मला पाठीशी बांधून ती सरव्याला जायची आणि टोपलं भरून घरी यायची. त्या भाकरीवर आमचं घर तगलं. पुढं मी लोहाऱ्याच्या शाळेत मराठीची बाई झाले. दुसऱ्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय मला आजही घास गोड लागत नाही, पण आईच्या या बढाईला मी कधी लाल शाई लावली नाही.

ती लावली आमच्या विज्ञानाच्या सरांनी, आणि माझ्याच घरात बसून.

निवृत्तीनंतर आम्ही बाकीचे गुडघ्यांवर बोलू लागलो, सरांनी हिब्रू शिकायला घेतली. ते ख्रिस्ती. रविवारची प्रार्थना आटोपली की चहाला आमच्याकडं येतात आणि मोबाइलवर उजवीकडून डावीकडं बोट फिरवत आम्हाला अक्षरं दाखवतात. "निजामाच्या काळात आमच्या आजोबांनी उर्दू गिरवली, आता तुम्ही हे गिरवा," असं मी चिडवते. त्यांना राग म्हणून येत नाही. ही या माणसाची मोठीच खोड आहे.

त्या रविवारी ते फुलून आले होते. "बाई, एक शब्द सापडलाय. त्सवातीम. आमच्या अख्ख्या पवित्र शास्त्रात एकदाच येतो, एकदाच! त्याचा नेमका अर्थ कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पंडित लोक शेजारपाजारच्या भाषांवरून अंदाज बांधतात."

"मग काय असेल अंदाज?"

"मूठ. कापलेल्या धाटांची मूठ, नाहीतर पेंढी." मग त्यांनी गोष्ट सांगितली. एक परदेशी विधवा सासूला घेऊन आलेली. दुसऱ्याच्या रानात सरवा वेचते. मालक हळूच मजुरांना सांगतो, तुमच्या मुठींतून थोडी कणसं मुद्दाम ओढून खाली टाका, तिला वेचू द्या, आणि तिला रागावू नका. "म्हणजे बघा," सर रंगात येऊन म्हणाले, "तिला वाटणार आपल्याला सापडलं. खरं तर कुणीतरी टाकलेलं. असं टोपलं उगाच भरत नसतं!"

आई खाली बसून लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

"परत सांगा, सर," ती म्हणाली. सरांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आई उठून आत गेली.

त्यानंतर आठ दिवस तिनं सरव्याचं नाव काढलं नाही. शेजारीण मुद्दाम विषय काढायची, तरी आई नुसती हूं म्हणायची. मला भडभडून आलं. उभ्या जन्मात या बाईनं मिरवावं असं एकच ठेवलं होतं, तेही आम्ही दोन मास्तरांनी चहा पिता पिता काढून घेतलं. सरांना फोन करून मी असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. बिचारे म्हणाले, "आता काय करू?"

"माकणीला चला," मी म्हटलं.

माकणीला आक्का असतात. त्या काळी मालकाच्या रानात मजुरीनं ज्वारी काढायला आक्काच पुढं असायच्या, आणि आई त्यांच्या मागं सरवा वेचायची. आता नव्वदीला आल्यात. आक्कांनी एकदा तोंडानं सांगावं, की तुझं टोपलं तूच भरलंस, बाकी काही नको, एवढाच माझा हिशेब.

आईला घेऊन जीपमधून उतरलो तेव्हा आक्का नातवाच्या रानातच होत्या, काठी टेकत ज्वारी काढणाऱ्या मजुरांवर लक्ष ठेवून. दोघी म्हाताऱ्या गळ्यात पडल्या, रडल्या, लगेच हसल्याही. मी विषय काढला. आक्का मलाच फाडफाड बोलल्या, "म्या कशाला टाकू गं कणसं? तुजी आई वाऱ्यावानी पळायची! शिकून येडी झालीस व्हय?"

माझा जीव भांड्यात पडला. सरांनी तर हात जोडले.

"चल, दाखवू यास्नी," असं म्हणून आक्का पेंढ्यांच्या कडेनं पुढं निघाल्या. आईनं पदर खोचला आणि त्यांच्या मागं वाकली. ऐंशीला टेकलेली बाई, पण काय तो हात! कणीस दिसलं की ओटीत. "बगा, बगा! हल्लीच्या पोरींस्नी डोळं हायेत का? किती सोडलंय हितं!" ती आनंदानं ओरडत होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

मग मला दिसलं. आक्का जाता जाता पेंढीला हात घालत होत्या, आणि तोच हात पाठीमागं नेऊन अलगद सोडत होत्या. एकदाही मागं न बघता. सरांनाही दिसलं. ते तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

परतीच्या जीपमध्ये आईच्या ओटीत कणसं मावत नव्हती. पाला निवडता निवडता ती म्हणाली, "आक्काचा हात अजून तसाच हाय."

मी चमकून बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"म्या आंधळी व्हते का? पर मालक बांधावर हुबा असायचा. भरलेलं टोपलं बगून इचारायचा, एवढं आलं कुठनं? मग म्या मोठ्यानं सांगायची, माज्यावानी सरवा कुणी येचत न्हाय. त्याला पटायचं. आक्काची मजुरी ऱ्हायची."

"मग आठ दिवस गप्प का होतीस?"

"आमची गोष्ट सरांच्या पुस्तकात गेली कशी, त्याचंच नवल करत व्हते." मग तिनं सरांना दम भरला, "पर आक्काला सांगू नगा. तिला वाटतंय, मला दिसत न्हाय."