पाणी, चहा, दुखतंय

पक्षाघाताच्या झटक्यानंतर ह्यांचं बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नसे. हरिशंकरपुरममधल्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या गल्लीत मराठी घर आमचं एकटंच. मुलगी बंगळूरला, फोनवर मराठीत सुरुवात करते आणि बघता बघता हिंदीत शिरते. माझ्याशी मराठीत बोलणारे हेच काय ते उरले होते, आणि तेच गप्प झाले.

हवं ते ह्यांना दाखवता यावं म्हणून मुलीनं मोबाइलवर चित्रं पाठवली: पेला, कप, पंखा, रडवेला चेहरा. मी दाना ओली बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात ती छापायला नेली. खाली शब्द घालताना दुकानदारानं ‘पानी’ लिहिलं.

“भैया, पाणी लिखो.”

“समझ तो जाएंगे, आंटी.”

“समझेंगे, पर हमारे घर में पाणीच बोलते हैं.”

त्यानं हसून बदललं.

साध्या कागदाचे ते तुकडे टिकले नाहीत. ह्यांचा हात थरथरायचा, लाळ गळायची, वरण सांडायचं. कागदाचा लगदा व्हायचा. मग लॅमिनेशन करून आणलं. घरी मी हौसेनं अगदी चित्राच्या कडेनं कापलं, तर कडेतून ओल शिरली आणि प्लॅस्टिक सुटलं. पुढच्या खेपेला चहूबाजूंनी बोटभर पट्टी सोडली. ती कार्डं मात्र टिकली. चहा सांडला तर ओल्या फडक्यानं पुसायची. ताठ असल्यामुळे ह्यांच्या अधू बोटांनाही ती चादरीवरून उचलता येत.

मी दिवसभर बोलत राहायची, हे नुसतं कार्ड दाखवायचे. पाणी. पंखा. बोलणं तिथंच संपायचं.

एका दुपारी ह्यांनी ‘दुखतंय’ उचललं. मी घाबरले.

“डोकं? पाय? छातीत तर नाही ना?”

प्रत्येक वेळी मान नाही म्हणून हलली. शेवटी वैतागून त्यांनी ते कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं. मी कितीतरी दिवस लंगडत होते. कुणी विचारलं नव्हतं. “हो, दुखतंय,” मी म्हणाले, आणि त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून रडले.

थंडीत हे गेले.

नंतर समोरच्या घरातल्या सूनबाई आल्या. “आंटी, वो कार्ड हैं क्या अभी? मम्मीजी की भी आवाज़ चली गई है.” मी सगळी पुसून दिली. शब्द मराठी, पण चित्रांवरून भागतं. त्यांच्या सासूबाईंना ती कशी दाखवायची हे समजावायला म्हणून गेले, आता दुपारी जाऊन बसते. त्या कप दाखवतात, सूनबाई आम्हा दोघींचा चहा आणतात. मी हिंदीतच बोलते तिथं.

दिवेलागणीला घरी येते. कुलूप काढते. रेडिओ लावते, आणि कुकर ठेवताना कधीकधी उगाचच मोठ्यानं विचारते, “भात टाकू का?”