भोवरा कट कुणाचा

आज ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत मुली कुरळे केस खुशाल मोकळे सोडून फिरतात. ही मोकळीक त्यांना कल्याणच्या एका बाईने दिली, हे मी छातीठोकपणे सांगते. बाजारपेठेमागे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं पार्लर होतं. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो. त्याआधी आम्हा कुरळ्यांसमोर दोनच वाटा होत्या: तेल चोपडून घट्ट वेणी, नाहीतर इस्त्री फिरवल्यासारखे सरळ केस.

मावशी आधी डोळे मिटून दोन बोटं डोक्यावरून फिरवत आणि भोवरा शोधत. केस तिथून ज्या दिशेला वळतात त्याच दिशेने, कोरडेच, एकेक बट कापत जात. म्हणून तो भोवरा कट. मला तर दोन भोवरे. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे स्थळं बघताना आईने ही गोष्ट चोरीच्या मालासारखी लपवली होती. मावशींच्या बोटांना ती पहिल्याच दिवशी कळली. कानाशी येऊन म्हणाल्या, "दुसरा नवरा कुठे ठेवलायस गं?" त्या दिवसापासून मी त्यांचीच गिऱ्हाईक.

त्यांच्या हाताखाली सहा वर्षं शिकलेली एक जण पुढे ठाण्याला गेली, काचेच्या दाराचं सलोन काढलं आणि तोच कट 'स्पायरल' म्हणून करायला लागली. तिथपर्यंत मी गप्प होते. पण मावशी वारल्या तेव्हा ही घरी डोकावलीसुद्धा नाही, आणि महिन्याभरात मोबाइलवरच्या एका मुलाखतीत गोड हसून सांगत होती, "हा कट मी स्वतः शोधला. तेव्हा इथे कुणाला कुरळे केस कळतच नव्हते." मी तिथल्या तिथे ठरवलं: हिच्या तोंडून मावशींचं नाव वदवून घ्यायचं, तेही चार बायकांसमोर.

थोड्याच दिवसांत तिने बाळकुमच्या एका हॉलमध्ये प्रात्यक्षिक ठेवलं. नव्या पार्लरवाल्या शिकायला येणार होत्या, आणि कुरळ्या केसांची मॉडेल हवी होती. मी लगेच फोन केला. वय विचारलं तेव्हा सात वर्षं कमी सांगितली.

स्टेजवर तिने मला ओळखलं. पूर्वी ताई म्हणायची, आता म्हणाली, "वेलकम मॅडम." माझं डोकं कल्याणला मावशींनी दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिलं नव्हतं, त्यामुळे आतला मामला हिला ठाऊक नव्हता. एका हातात माईक, दुसऱ्या हातात कात्री. भोवरा शोधायला बोटं उरली होती कुठे? त्यात आधी केस धुतलेले. ओले केस गरीब गाईसारखे पडून राहतात. तिने भराभर कापले, टाळ्या घेतल्या आणि ड्रायर लावला.

केस वाळले आणि मागचा झुपका कोंबड्याच्या तुऱ्यासारखा ताठ उभा राहिला. तिने दाबला, जेल लावलं, पुन्हा दाबला. तो पुन्हा उठला. दुसऱ्या रांगेतली एक डोंबिवलीची पार्लरवाली शेजारणीला म्हणाली, "दोन भोवरे दिसतात गं. हिने बघितलंच नाही."

मी माईक मागून घेतला. "बरोबर आहे त्यांचं. आधी भोवरा बघायचा असतो. तुला कुणी शिकवलं होतं?"

तिने माईकवर हात ठेवला. "ताई, नाटक पुरे. काय हवंय तुम्हाला?"

"नाव. आडनावासकट."

तिने सांगितलं, पुटपुटल्यासारखं.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

दुसऱ्यांदा ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. मागून एक जण म्हणाली, "कल्याणच्या ना त्या? माझी आई जायची त्यांच्याकडे." मग दुसरीची मोठी बहीण निघाली, तिसरीची मामी. पुढचा अर्धा तास हॉलमध्ये फक्त मावशींचा विषय होता, आणि ही कंगवा घेऊन उभी.

जाताना म्हणाली, "बसा ताई, मागचं नीट करून देते." मी म्हटलं, "राहू दे, छान आहे."

तुरा बसायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी एकही बारसं, साखरपुडा किंवा हळदीकुंकू चुकवलं नाही. कुणी ना कुणी विचारायचंच, "अगं, केसांना काय झालं?" मग मी खुर्ची पुढे ओढून बसायची.